चौथ्या मजल्यावरचं गेट

भोईरमामांचं दार कधी बंद नसायचं, पण म्हणून त्यांच्या घरात शिरता येत होतं असं नाही. दाराच्या आत डाव्या हाताला एक स्टूल, स्टुलावर लाल कापडी पाठीचं रजिस्टर आणि त्याला सुतळीने बांधलेलं पेन. नाव, कुठून आला, कुणाला भेटायचं, आत येण्याची वेळ. घरात मामा एकटेच; तरी 'कुणाला भेटायचं' हा रकाना रिकामा ठेवलेला त्यांना खपत नसे. पहिल्या दिवशी मी थट्टेने तिथे 'गृहमंत्र्यांना' असं लिहिलं. मामांनी चष्म्यावरून पाहिलं, मला ती ओळ खोडायला लावली, खोडल्याबद्दल बाजूला सही घेतली आणि म्हणाले, "गृहमंत्री इथं राहत नाय. पत्ता चुकलास. चल, मागे फिर." मी त्यांच्याच खालचा, तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी. मुकाट्याने खाली गेलो, पाणी प्यायलो आणि पुन्हा वर येऊन शहाण्यासारखं 'दामोदर भोईर' असं लिहिलं.

आत जाणं एक वेळ सोपं. बाहेर पडायला पास लागायचा. जुन्या वहीचे चौकोनी कापलेले कागद, त्यावर वेळ, मामांची लफ्फेदार सही. तो फाडून हातात पडेपर्यंत मामांची काठी उंबऱ्यावर आडवी. पिशवी असेल तर उघडून दाखवायची. मी एकदा त्यांच्याकडे रिकामा डबा परत करायला गेलो होतो, तर तोही उघडून बघितला.

"ज्याचा पास फाटला नाय, तो आत," असं मामांचं शास्त्र होतं. एकदा गॅस सिलिंडर घेऊन येणारा गडी पास न घेताच निसटला. मामांनी त्याला रजिस्टरमध्ये पुढचा सिलिंडर येईपर्यंत 'आत' धरलं. महिन्याने तो आला तर मामा त्याला दारात अडवून म्हणतात, "तू तर आतच हायेस. परत कुठून आलास?" खांद्यावर भरलेला सिलिंडर, आणि तो बिचारा आपण बाहेर असल्याचं पटवून देतोय. मी जिन्यात उभा राहून हसलो तेव्हा आमच्या बिल्डिंगला तडा गेला. तडा अजून आहे, कुणीही येऊन बघावं.

मामा मूळचे मोरिवलीचे. गावाला लागूनच कारखाने उभे राहिले, त्यातल्या एका रंगाच्या कारखान्याच्या गेटवर त्यांनी तेहतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर बदलापूरला आमच्या बिल्डिंगमध्ये चौथा मजला घेतला. लिफ्ट येणार होती. लिफ्टची जागाही सोडलेली आहे; तिच्यात सोसायटीचं गणपतीचं मखर ठेवतात. मग मामा बाथरूममध्ये पडले, खुब्यात पट्टी बसली, आणि चौथ्या मजल्याचे ते चौथ्या मजल्यावरच राहिले. अडीच वर्षांत एकदाही खाली उतरले नाहीत. मुलगा नाशिकला, रविवारी फोन करायचा. बायको केव्हाच गेलेली. उरली ती गॅलरी आणि गळ्यातली पितळी शिट्टी. काही हवं असलं की मामा गॅलरीतून शिट्टी मारत. एकदा त्या शिट्टीवर बदलापूर स्टेशनात उभी असलेली मालगाडी सुटली. लोक यावर विश्वास ठेवत नाहीत, पण लोकांनी ती शिट्टी दीड वाजताच्या झोपेत ऐकलेली नाही.

शिट्टी बहुतेक माझ्यासाठीच असे. मी उल्हासनगरला जीन्सच्या एका होलसेल गाळ्यावर कॉम्प्युटरवर बिलं करतो. एकदा आमच्या शेठचा बंद पडलेला प्रिंटर मी थोबाडीत मारून चालू केला, आणि ही कीर्ती बदलापुरात पोचेपर्यंत माझा इंजिनियर झाला होता. मीही कुणाला दुरुस्त केलं नाही.

खरी गोष्ट सुरू झाली ती रजिस्टरमुळे. मामांच्या पायाचे व्यायाम करवून घ्यायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी यायची. नुसतं 'वैशाली' असं लिहायची. एके दिवशी मामांनी हट्टाने पूर्ण नाव लिहायला लावलं. तिने लिहिलं: वैशाली गणपत शेलार, वांगणीच्या वरची वाडी.

"गणपत शेलार? टँकरवाला?"

"हो. तुम्ही ओळखता बाबांना?"

मामांनी त्या दिवशी व्यायाम केला नाही. तिचा पास फाडला आणि माझ्यासाठी शिट्टी मारली.

ती हकिगत मामांनी मला सांगितली तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली होता की मी खुर्ची दोनदा पुढे ओढली. शेलार त्यांच्या कारखान्यात टँकरवर होता. एका दुपारी त्याला वाडीवरून निरोप आला: बाप शेवटच्या घटका मोजतोय. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने भरलेला टँकर गेटवर आणून हॉर्न मारला. पासवर स्टोअरच्या साहेबांची सही नव्हती, साहेब जेवायला गेलेले. सहीशिवाय भरलेली गाडी सोडायची नाही, आणि भरलेली गाडी गेटात टाकून ड्रायव्हरनेही जायचं नाही, असा नियम. शेलारने हात जोडले, शिव्या दिल्या, पुन्हा हात जोडले. साहेब आले, सही झाली, दोन पन्नासला गेट उघडलं. शेलार वाडीत पोचला तेव्हा बाप नुकताच गेला होता. हात गरम होता म्हणे. त्यानंतर शेलारने नोकरी सोडली. अठरा वर्षांत तो मामांशी एक शब्द बोलला नव्हता.

"नियम बरोबर होता रे सावंत," मामा म्हणाले. "आजपण बरोबर हाय. पण ती चाळीस मिनिटं बरोबर नव्हती."

शेलारला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. डावा पाय गेला, लायसन गेलं, आणि वाडीवरचं घर असं उतारावर की दोन माणसांनी धरल्याशिवाय अंगणसुद्धा दिसत नाही. म्हणून वैशालीने त्याला कॉम्प्युटरवरचा ट्रकचा खेळ लावून दिला होता. खोटं स्टिअरिंग धरून तो दिवसभर गाड्या हाकायचा. जगभरातले लोक त्यात एकाच रस्त्यावर येतात, माल भरतात, पोचवतात.

"मी फोन केला होता. आवाज ओळखला आन् ठेवला त्याने," मामा म्हणाले. "तो वाडीवर अडकलाय, मी चौथ्यावर. पण गाडी चालवतो ना तो? मग गाडी कधीतरी गेटावर येणारच. तू मला गेट बांधून दे."

मी छाती ठोकून सांगितलं, "दहा मिनिटांचं काम." त्या दहा मिनिटांत माझे पाच रविवार गेले.

मामांच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर घरात होता. त्यावर खेळ चढवला, आपल्याच घरातून तो इतरांना खेळू द्यायचा, म्हणजे खेळाचा मालक आपणच, अशी सोय लावली. राहिला राउटर. राउटरचं काम मामांना समजावताना मला घाम फुटेल असं वाटलं होतं. मी म्हटलं, "मामा, आपण आतून काहीही मागवलं की राउटर बिनतक्रार आणून देतो. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर त्याला कुणाकडे पाठवायचं हे राउटरला माहीत नसतं. तो सरळ हाकलून देतो. म्हणून त्याच्या आतल्या पानावर लिहून ठेवायचं, अमुक नंबरच्या दारावर जो येईल, त्याला मामांच्या कॉम्प्युटरकडे सोड."

मामा हसले. अडीच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे वरचे दात पाहिले. "म्हणजे आउटवर्डला अडकाठी नाय, इनवर्डला पास पाहिजे. एवढंच ना? मग राउटर राउटर काय करतोस, वॉचमन म्हण की."

मी तो पाच आकडी नंबर राउटरमध्ये घातला. मामांनी पुठ्ठ्यावर 'गेट' असं लिहून खाली तोच नंबर लाल रंगात रंगवला आणि पाटी राउटरच्या डोक्यावर टांगली. मग मी खाली माझ्या घरी जाऊन मोबाइलच्या नेटवरून आत यायचा प्रयत्न केला. नाही. पुन्हा वर. रजिस्टर, सही. नंबर तपासला. पास. पुन्हा खाली. नाही. त्या पाच रविवारी मी तो एक जिना इतक्या वेळा चढलो-उतरलो की तेवढ्यात हिमालय दोनदा झाला असता आणि वर पास मागायला कुणी नसतं. तिसऱ्या रविवारी मी सांगितलं, "मामा, सोडा आता. जेवायला जाऊ द्या." काठी उंबऱ्यावर आडवीच. "काम झाल्याबिगर पास नाय," मामा म्हणाले आणि मला पिठलं वाढलं. त्या घरात मी जेवढं पिठलं खाल्लं, तेवढा माझ्या लग्नात भातसुद्धा शिजला नव्हता.

पाचव्या रविवारी उलगडा झाला. आमच्या राउटरवर जो पत्ता दिसत होता तो बाहेरच्या जगाचा पत्ताच नव्हता. इंटरनेटवाल्याने आमची अख्खी गल्ली एकाच पत्त्यामागे कोंबली होती.

"म्हणजे हे आपलं आतलं केबिन," मामा पाटीकडे बघत म्हणाले. "मेन गेट दुसरीकडेच हाय. तिथं कोण बसतो?"

तिथे नारीशेठ बसायचा. मूळ उल्हासनगरचा सिंधी माणूस, गच्चीगच्चीवरून वायरी टाकून त्याने आमच्या बाजूला नेट आणलं होतं. फोनवर तो म्हणाला, "साईं, सबका चलता है, तुम्हारा भी चल रहा है, अभी क्या चाहिए?" दहा फोन झाल्यावर मामांनी मला निरोप द्यायला सांगितलं की राउटरमधून धूर निघतोय. नारीशेठ चार मजले चढून आला. रजिस्टरमध्ये सही केली. धूर कुठे आहे विचारलं. मामांनी दाराला आतून कडी घातली आणि कडीखाली स्टूल टाकून त्यावर बसले.

"धूर माझ्या डोक्यातून निघतोय, शेठ. मला स्वतंत्र पत्ता द्या."

नारीशेठ आधी हसला, मग चिडला, मग त्याने मराठी, हिंदी आणि सिंधी अशा तीन भाषांत कारणं सांगितली. मामा प्रत्येक कारणानंतर एवढंच म्हणत, "पास नाय." शेठने सांगितलं, दुकानात गिऱ्हाईक आहे. पास नाय. सांगितलं, शुगर आहे, जेवणाची वेळ झाली. मामांनी मला पिठलं वाढायला लावलं. मीही आत अडकलेला. माझी सासू त्या दिवशी कर्जतहून यायची होती, म्हणून मी अडकल्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. अडीच तासांनी नारीशेठने ऑफिसात फोन लावला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "अरे, बदलापूरवाले अंकल को अलग आयपी दे दे, वरना मैं इधर ही रिटायर हो जाऊंगा."

पास फाडताना मामांनी त्याची पिशवी तपासली. शेठने मुकाट्याने उघडून दाखवली. जिन्यात मला म्हणाला, "सावंत, ये आदमी तो मेरे ऑफिस में होना चाहिए था."

अशा रीतीने गेट उघडलं, आणि खेळाच्या जाहीर यादीत आपलं नाव दिसल्यावर कुठले कुठले लोक यायला लागले. मामांनी त्या खेळात एकदाही गाडी चालवली नाही. त्यांनी एक पिवळा ट्रक घेतला, माल उतरवायच्या डेपोच्या तोंडाशी आडवा लावला आणि कानाला हेडफोन लावून बसले. जो येईल त्याला: नाव? गाडी नंबर? काय आणलंस? कुणाकडे? उत्तर पटलं की ट्रक बाजूला. पहिले काही दिवस लोक वैतागले. मग त्यांना गंमत वाटायला लागली, आणि मग सवय झाली. लुधियान्याचा एक सरदार मुद्दाम फेरा मारून गेटवर यायचा. इंडोनेशियातला कुणी एक गडी लांबूनच ओरडायचा, "भोइर सर, खाली गाडी!" 'खाली' म्हणजे रिकामी हे त्याला माहीत नव्हतं, गेट उघडतं, एवढं माहीत होतं.

दुपारी चार ते संध्याकाळी सहा अशी शिफ्ट. सहाला मामा शिट्टी मारत आणि राउटरच्या पानावरची ती ओळ स्वतःच्या हाताने काढून टाकत. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा घालत. मी सांगून थकलो, "अहो, राहू द्या ती ओळ, काही बिघडत नाही." तर म्हणत, "माणूस नसताना उघडं ठेवतात त्याला भोक म्हणतात, गेट नाय म्हणत."

आणि याच शिस्तीने घात केला. वैशालीने बापाला कसंबसं तयार केलं. त्याच्या कॉम्प्युटरवर मामांच्या गेटचा पत्ता घालून दिला. एके दिवशी तो येणार असं ठरलं. मामांनी त्या दिवशी दाढी केली. चार वाजले, पाच वाजले. येणाऱ्या प्रत्येक गाडीला मामा नाव विचारायचे आणि नाव ऐकून गाडी सोडून द्यायचे. सहा वाजले. मामांनी शिट्टी मारली, ओळ काढली. तेहतीस वर्षांचा हात. तो कुणाला विचारून चालत नाही.

सहा वाजून तीन मिनिटांनी वैशालीचा फोन आला. "मामा, बाबा आत्ता आले होते. दारच उघडत नाही म्हणतात. स्टिअरिंग काढून ठेवलं त्यांनी."

मामांनी फोन माझ्याकडे दिला आणि हाताकडे बघत बसले. त्या दिवशी त्यांनी मला पास न देताच जाऊ दिलं. मी दारात थांबलो होतो. त्यांचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती ओळ कायमची राहिली. मामा सकाळी आंघोळ केल्यापासून खुर्चीत. जेवण खुर्चीत, दुपारची पेंग खुर्चीत. पिवळा ट्रकही आता आडवा लावत नव्हते, बाजूला उभा करून नुसते विचारत. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी, रविवार होता, भर दुपारी एक निळा टँकर आला. गेटसमोर आडवा झाला. इंजिन बंद.

"नाव?" मामांनी विचारलं.

उत्तर नाही. मागून लुधियान्याची गाडी आली, हॉर्न. कोल्हापूरची आली, हॉर्न. आता ना कुणाला आत येता येत होतं, ना आतल्याला बाहेर पडता येत होतं. मी म्हटलं, "मामा, मालक तुम्ही आहात. हाकलून द्या त्याला, एक बटण दाबायचंय." मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग ते हेडफोनमध्ये म्हणाले, "हॉर्न बंद करा रे सगळ्यांनी. आज गेट त्याचं हाय."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी ताणून सांगितल्या आहेत. ती चाळीस मिनिटं ताणायची गरज नाही. आम्ही दोघं एका निळ्या टँकरकडे बघत बसलो होतो. पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा, आणि मधेच कोंबडा. मामांनी पाणी मागितलं नाही, पाय हलवला नाही. मला उठून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं.

दोन पन्नासला टँकरचं इंजिन सुरू झालं.

"गणपत शेलार," हेडफोनमधून घोगरा, अडखळता आवाज आला. "गाडी खाली हाय. चहा पाजतोस का, भोईर?"

मामांनी कुणाकडे म्हणून विचारलं नाही. नंबर विचारला नाही. नुसते "ये, ये, ये" म्हणत राहिले.

त्यानंतर शेलार रोज साडेतीनला यायचा. टँकर आत लावायचा, आपल्या घरी चहा घ्यायचा, मामा इथे घ्यायचे. बोलणं काय, तर कुणाचा टँकर कुठे उलटला, कोणत्या साहेबाला कोणता रोग झाला. कधीतरी मामा त्याला मुद्दाम विचारत, "पास हाय का?" आणि तो अशी शिवी द्यायचा की मामा दिवसभर खूश.

मामांना श्वास लागला तो एका सकाळी. शिट्टी आली, पण तिच्यात हवा नव्हती, म्हणून मी धावलो. बिल्डिंगमधल्या आम्ही चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. दारात त्यांनी काठीने चौकट धरली.

"सावंत, पास राहिला."

"मामा, आल्यावर फाडा!"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मामांनी दम लागलेल्या तोंडाने शिट्टी घेतली. फुर्र. "मागे. डावीकडे काट. अजून. अजून. बस! आता सरळ." तेहतीस वर्षं ट्रक मागे घेतलेल्या माणसाने स्वतःला तेवढ्याच सफाईने जिन्यातून खाली काढलं. अडीच वर्षांनी त्यांना रस्ता दिसला. त्यांनी तो नीट बघितलासुद्धा नाही; म्हणाले, "गेटवर कोण बसलंय?"

"मी बसतो," मी म्हणालो.

दुपारी दोनच्या सुमारास हॉस्पिटलात मामा गेले.

मामांचं आधार कार्ड न्यायला मी चारला चौथ्या मजल्यावर आलो. कॉम्प्युटर चालूच होता. पिवळा ट्रक बाजूला उभा, गेट सताड उघडं, आणि गेटबाहेर गाड्यांची रांग. सगळ्यात पुढे निळा टँकर, मागे लुधियाना, इंडोनेशिया, कोल्हापूर. पुढे जायला कुणी अडवत नव्हतं, आणि एकही गाडी आत शिरली नव्हती. हेडफोनमधून बारीक आवाज येत होता, "भोईर? अरे भोईर, अर्धा तास झाला. चहा आटला का काय?"

मी हेडफोन लावला आणि विचारलं, "नाव?"

"गणपत शेलार."

"गाडी?"

"खाली."

"कुणाला भेटायचं?"

"भोईरला."

"मामा गेले," मी म्हणालो. "दुपारी. हॉस्पिटलात."

टँकरचं इंजिन बंद झालं. त्याच्यामागचं बंद झालं, मग त्याच्यामागचं. शेलारने विचारलं, "पास कुणी फाडला?"

"नाही फाडला," मी म्हणालो. "मागितला होता त्यांनी. मीच घाई केली."

"बिनपासाचा गेला? भोईर?"

"हो."

 

"मग तो आतच हाय," शेलार म्हणाला. "रजिस्टर बघ."

त्याने इंजिन सुरू केलं, दोनदा हॉर्न मारला आणि टँकर गेटातून आत घेतला. मागची गाडी पुढे सरकून गेटवर थांबली आणि कुणी न विचारता तिने आपलं नाव सांगितलं. मी स्टुलावरचं रजिस्टर ओढून घेतलं आणि लिहायला लागलो.